स्पिरिटची चूल : ज्योतीपेक्षा ज्योतीभोवतालचा इतिहास



आजचा विषय दिसायला अगदी लहान आहे. पत्र्याचा एक डबा, त्यात चार चमचे स्पिरिट, वर पाण्याचं भांडं. घरच्या घरी तासाभरात करता येईल अशी चूल. पण हीच चूल कमी स्पिरिटात जास्त काम कशी करील, हा प्रश्न गेली दीडशेहून जास्त वर्षं लोक सोडवत आलेले आहेत. त्यात रसायनशास्त्रज्ञ आहेत, आचारी आहेत, तांबट आहेत, डोंगर चढणारे आहेत, आणि आपल्या फलटणचे संशोधकही आहेत. त्यांचा इतिहास आज आपण बघणार आहोत, आणि तो बघताना एक हिशेब सारखा हाताशी ठेवणार आहोत.

हिशेब असा. अर्धा लिटर पाणी २० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला साधारण १६७ किलोज्यूल उष्णता लागते. शुद्ध मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, जळताना दर मिलिलिटरला साधारण २१ किलोज्यूल देतो. भागाकार केला की उत्तर येतं ८ मिलिलिटर. म्हणजे एक कणही उष्णता वाया गेली नाही, तर दोन लहान चमचेसुद्धा न भरणाऱ्या स्पिरिटात अर्धा लिटर पाणी उकळायला हवं. प्रत्यक्षात उघड्यावर, वाऱ्यात, झाकण न ठेवता हेच पाणी उकळायला ३० मिलिलिटर सहज लागतं. म्हणजे चार आण्यांची उष्णता पाण्यात गेली आणि बारा आण्यांची हवेत. नीट मांडणी केली की तेच काम १५ मिलिलिटरच्या आसपास होतं. मग हा मधला फरक कुठून आला? बर्नरमधून आला, की बर्नरच्या बाहेरून? आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे.

सुरुवात प्रयोगशाळेपासून करू या. शाळेत आपण सगळ्यांनी स्पिरिटचा दिवा पाहिलेला आहे. काचेची कुपी, कापसाची वात, वर टोपण. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गॅसच्या नळ्या सगळीकडे पोचलेल्या नव्हत्या, तेव्हा रसायनशास्त्राचं बरंचसं काम याच दिव्यावर चालायचं. स्वीडनचे प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांच्या नावानं एक दिवा ओळखला जातो. त्यात वात सरळ नव्हती, गोल नळीसारखी होती, आणि हवा आतूनही मिळायची, बाहेरूनही. कल्पना तेलाच्या दिव्यांमधून आलेली. पण इथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. प्रकाशासाठी केलेली सुधारणा उष्णतेच्या कामाला आली, कारण प्रश्न एकच होता : ज्योतीला हवा योग्य जागी आणि योग्य प्रमाणात कशी पोचवायची.

प्रयोगशाळेतून हा दिवा जेवणाच्या टेबलावर आला. लंडनच्या रिफॉर्म क्लबचा गाजलेला आचारी अलेक्सिस सोयर, मूळचा फ्रेंच, यानं १८४९ च्या सुमारास ‘मॅजिक स्टोव्ह’ नावाची छोटी स्पिरिटची चूल बाजारात आणली. टेबलावरच, पाहुण्यांसमोर, तव्यावर काहीतरी परतून द्यायचं. धूर नाही, काजळी नाही. त्या काळच्या लोकांना ही खरोखर जादू वाटली असणार, कारण तोपर्यंत आग म्हणजे कोळसा, राख आणि धुराडं.

पण ही जादू श्रीमंतांचीच राहिली. का? स्पिरिट महाग होतं. आणि ते महाग असण्याचं कारण कारखान्यात नव्हतं, कायद्यात होतं. जो मद्यार्क जाळता येतो तोच पिताही येतो. पिण्याच्या दारूवर सरकार भरपूर कर घेतं, मग जाळायच्या मद्यार्कावरही तोच कर. यातून इंग्लंडनं १८५५ साली वाट काढली. मद्यार्कात लाकडापासून काढलेलं विषारी, घाण चवीचं द्रव मिसळायचं, म्हणजे तो पिता येणार नाही, आणि मग त्यावरचा कर माफ करायचा. हेच ‘मेथिलेटेड स्पिरिट’. अमेरिकेत असाच कायदा १९०६ साली झाला आणि १ जानेवारी १९०७ पासून लागू झाला. म्हणजे बघा, स्पिरिटच्या चुलीला सर्वसामान्यांच्या घरात आणणारी पहिली मोठी सुधारणा कुठल्या कारागिरानं केलेली नाही, ती करखात्यानं केली. हा धागा सोडू नका, शेवटी आपल्याला तो लागणार आहे.

आता आपल्या घरात येऊ. १८९२ मध्ये स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यानं रॉकेलचा बिनकाजळीचा स्टोव्ह तयार केला. तोच प्रायमस. आपल्याकडे तो इतका रुजला की पंपाच्या कुठल्याही स्टोव्हला लोक प्रायमसच म्हणायचे. ज्यांनी तो पेटवलेला आहे त्यांना आठवत असेल : आधी स्पिरिटात किंवा रॉकेलात बुडवलेला काकडा बर्नरला लावायचा, बर्नर चांगला तापू द्यायचा, मग पंप मारायचा. भर्र आवाज सुरू झाला की स्टोव्ह लागला. घाई केली तर भडका.

हा काकडा कशासाठी लागायचा? रॉकेलची वाफ सहजासहजी होत नाही. त्याला आधी कुणीतरी तापवावं लागतं. मद्यार्काचं तसं नाही. तो ७८ अंशांनाच उकळतो, आणि घरातल्या साध्या तापमानालाही पेट घेण्याइतकी वाफ देतो. म्हणून रॉकेलला पंप लागतो, दाब लागतो, पिन लागते, वायसर लागतं, आणि स्पिरिटला यातलं काहीच लागत नाही. घरी बनवता येण्यासारखी चूल स्पिरिटचीच का, याचं उत्तर इथे आहे. दाब धरणारी टाकी घरी कुणी करू नये. उघडा डबा मात्र कुणालाही करता येतो.

पण जिंकलं रॉकेलच, कारण वजनामागे रॉकेलमध्ये उष्णता जास्त. किलोला साधारण ४३ मेगाज्यूल, तर मद्यार्कात २७ च्या आत. म्हणजे तेवढ्याच कामाला मद्यार्क दीडपटीहून जास्त न्यावा लागणार. स्पिरिटच्या चुलीला काटकसर शिकणं भाग होतं ते यामुळे.

आता बर्नरचा विचार करू. १९०४ साली न्यूयॉर्कच्या हाइनरिक्स नावाच्या एका तांबटानं दुहेरी भिंतीच्या स्पिरिट बर्नरचं पेटंट घेतलं. आज जगभर लोक शीतपेयाच्या रिकाम्या डब्यांपासून जी चूल करतात, तिची रचना मुळात तीच आहे. ती समजून घ्यायला सोपी आहे. एका वाटीत दुसरी वाटी. दोन्ही भिंतींमध्ये थोडी फट. खाली लहान भोकं, त्यातून स्पिरिट फटीत शिरतं. वरच्या कडेला बारीक भोकांची रांग. आधी मधलं उघडं स्पिरिट पेटवायचं. त्या आगीनं भिंत तापते, फटीतलं स्पिरिट उकळतं, त्याची वाफ कडेच्या भोकांतून जोरात बाहेर पडते आणि पेटते. काही सेकंदांनी कडेला निळ्या ज्योतींचा हार लागतो. म्हणजे इथे काकडाही तोच, इंधनही तेच, आणि पंपही तेच. हलणारा एकही भाग नाही. बिघडायला काही शिल्लकच ठेवलेलं नाही.

ही रचना इतकी पुरी होती की पुढच्या शंभर वर्षांत तिच्या मूळ तत्त्वात फारसं काही बदललं नाही. मग सुधारणा कुठे झाली? त्यासाठी पुन्हा स्वीडनला जावं लागेल. तिथल्या ट्रँगस्विकेन या गावात १९२५ मध्ये ट्रँगिया ही भांडी करणारी कंपनी सुरू झाली. १९५१ मध्ये तिनं वादळी हवेत चालणारी स्पिरिटची चूल आणली. बर्नर साधाच, पितळेचा, दुहेरी भिंतीचा. नवं काय होतं? भोवतीचं कवच. खालच्या भागाला हवेसाठी भोकं, ती वाऱ्याच्या बाजूला वळवायची. वरचा भाग भांड्याला जवळजवळ कवेत घेणारा. आणि त्या कवचाच्या मापाचीच भांडी. पाणी गरम करणारी गोष्ट एकटा बर्नर नाही, बर्नर, कवच आणि भांडं मिळून एक चूल होते, हे ट्रँगियानं ओळखलं. आपल्या आज्यांना हे ठाऊकच होतं. मातीच्या चुलीला तीन बाजूंनी भिंत असते आणि वैलावर दुसरं भांडं असतं, ते काही शोभेसाठी नाही. निसटणारी उष्णता अडवायची, एवढाच त्यामागचा विचार.

तिसरा टप्पा अमेरिकेतल्या लांबच्या पायवाटांवर घडला. १९५९ मध्ये तिथे कूर्स कंपनीनं बिअरसाठी ॲल्युमिनियमचा डबा आणला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत असे डबे कचऱ्यात ढिगानं मिळू लागले. महिनोन्‌महिने पाठीवर ओझं घेऊन चालणाऱ्यांना एकेक ग्रॅम जड. त्यांनी हाइनरिक्सची रचना डब्याच्या पातळ पत्र्यात उतरवली. चूल दहा-पंधरा ग्रॅमची झाली. पण मग त्यांच्या लक्षात आलं की चुलीचं वजन वाचवून उपयोग नाही, खरं ओझं स्पिरिटच्या बाटलीचं आहे. तेव्हा ते पुन्हा त्याच प्रश्नाशी आले : हेच काम कमी स्पिरिटात कसं होईल?

या सगळ्यांच्या अनुभवातून जे हाती लागलं ते आता क्रमानं बघू. महत्त्वाचं आधी.

पहिली गोष्ट, वारा. थोड्याशा वाऱ्यानंही ज्योत भांड्याच्या बाहेर पळते आणि भांड्याची बाजूही गार होत राहते. म्हणून पत्र्याचा आडोसा, भांड्यापासून सुमारे एक सेंटिमीटर लांब, भांड्याच्या बऱ्यापैकी उंचीपर्यंत. गरम वायू भांड्याच्या बाजूला घासत वर गेले पाहिजेत. खाली हवेसाठी भोकं हवीतच. आडोसा फार घट्ट केला तर ज्योत गुदमरते, पिवळी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

दुसरी गोष्ट, झाकण. पाणी उकळीच्या जवळ आलं की उघड्या तोंडातून वाफेबरोबर जाणारी उष्णता फार मोठी असते. झाकणाला काही खर्च येत नाही, तरी लोक विसरतात.

तिसरी, उंची. भांडं ज्योतीच्या अगदी जवळ ठेवलं की जास्त तापेल असं वाटतं. तसं होत नाही. गार भांडं ज्योतीला विझवत जातं, जळण अर्धवट होतं, डोळ्याला झोंबणारा वास येतो. फार उंच ठेवलं तर उष्णता बाजूनं निसटते. साध्या उघड्या बर्नरला कडेपासून अडीच ते पाच सेंटिमीटर या दरम्यान कुठेतरी बरोबर जागा सापडते. ती प्रत्येक चुलीची वेगळी, म्हणून शोधावी लागते.

चौथी, ज्योतीचा घेर. इथे बरेच जण फसतात. जोरदार ज्योत म्हणजे चांगली चूल असं वाटून ते भोकं वाढवतात. पाणी एखादा मिनिट लवकर उकळतं, पण ज्योती भांड्याच्या बुडाबाहेर येऊन हवेला तापवत बसतात. घाई आणि काटकसर यांचं इथे जमत नाही. लहान बर्नर, पसरट बुडाचं भांडं, आणि ज्योत बुडाच्या आतच राहील इतकीच भोकं. वेळ थोडा जास्त, स्पिरिट बरंच कमी.

पाचवी, बर्नरचं स्वतःचं तापणं. आडोसा लावल्यावर परावर्तित उष्णता बर्नरलाही मिळते, स्पिरिट जास्त जोरात उकळतं आणि ज्योत हाताबाहेर जाते. म्हणून आडोसा बदलला की बर्नरही पुन्हा जुळवावा लागतो. उलट थंडीत, गार दगडावर, उष्णता खाली शोषली जाते. तिथे चुलीखाली न जळणारी, उष्णता अडवणारी एखादी चकती लागते.

आणि हे सगळं डोळ्यांनी ठरत नाही. पाणी मोजून घ्या, त्याचं सुरुवातीचं तापमान टिपा, स्पिरिट मिलिलिटरमध्ये मोजा, एका वेळी एकच बदल करा, आणि प्रत्येक मांडणी निदान तीनदा तपासा. मग आपल्या ८ मिलिलिटरच्या आदर्शाशी ताडून बघा. निम्म्यापेक्षा जास्त उष्णता पाण्यात गेली, तर चूल चांगली साधली असं समजा.

आता सुरक्षिततेचं. हे परिशिष्ट नव्हे, हाही इतिहासाचाच भाग आहे. स्पिरिटची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. चूल विझली असं समजून माणूस वरून बाटली ओततो आणि आग धारेवाटे बाटलीत चढते. या चुलीचे सगळ्यात भयंकर अपघात असेच होतात. म्हणून चूल पूर्ण गार झाल्याशिवाय पुन्हा स्पिरिट घालायचं नाही. मोठ्या बाटलीतून तर कधीच नाही, लहान मापानं घालायचं. बंद खोलीत, तंबूत पेटवायची नाही.

आणि दुसरा धोका विषाचा. मद्यार्क पिता येऊ नये म्हणून त्यात विष मिसळलं, हे आपण पाहिलं. पण माणसं तरीही पितात. अमेरिकेत दारूबंदी होती त्या १९२० च्या दशकात सरकारनं औद्योगिक मद्यार्कातली विषाची मात्रा वाढवली, आणि तो मद्यार्क चोरून दारू म्हणून विकला गेला. लोक मेले. आपल्याकडे जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं १०० हून अधिक माणसं गेली. त्यामुळे जाळायच्या मद्यार्काकडे सरकार संशयानं बघतं, ते उगाच नाही. पण त्या संशयाची किंमत कोण देतं, तेही बघायला हवं.

त्यासाठी फलटणला जाऊ. सातारा जिल्ह्यातल्या फलटणमध्ये १९६८ मध्ये बनबिहारी निंबकर यांनी निंबकर कृषी संशोधन संस्था सुरू केली. १९८० च्या दशकापासून डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे एक वेगळी साखळी उभी करायचा प्रयत्न केला. गोड ज्वारी लावायची, धाटाच्या रसापासून मद्यार्क करायचा, तो सूर्याच्या उष्णतेवर गाळायचा आणि खेड्यातल्या स्वयंपाकघरात जाळायचा. कणीस माणसाला, चिपाड गुराला, रस चुलीला.

त्यांनी केलेली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीनं फार मोलाची आहे. त्यांनी अशी चूल तयार केली की जी निम्मं पाणी असलेल्या मद्यार्कावर चालते. ऐकायला उलटं वाटतं. पाणी मिसळलं तर काटकसर कशी? हिशेब करा. वजनानं निम्मं पाणी असेल, तर त्या पाण्याची वाफ करण्यात इंधनाच्या उष्णतेचा साधारण अकरावा हिस्सा खर्च होतो. तोटा आहे, पण बेताचा. आणि फायदा? तीव्र मद्यार्क गाळायला जो खटाटोप आणि जी उष्णता लागते, ती वाचते. शिवाय असं इंधन सांडलं तरी तीव्र स्पिरिटासारखं झटकन भडकत नाही. झोपडीत, लेकराबाळांच्या गर्दीत चूल चालणार असेल तर याचं मोल मोठं आहे. आपण आतापर्यंत भांड्याभोवतीची उष्णता मोजत होतो. फलटणनं हिशेबाची वही आणखी मागे नेली, थेट भट्टीपर्यंत. कार्यक्षमता फक्त चुलीची मोजायची नाही, शेतापासून उकळीपर्यंतच्या सगळ्या वाटेची मोजायची.

मग ही चूल घरोघर का दिसत नाही? निम्मं पाणी असलेला मद्यार्क म्हणजे थोडक्यात कडक दारू. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा महाराष्ट्रात नाव बदलून आजही लागू आहे. मद्यार्क करणं, बाळगणं, विकणं, सगळ्याला परवाना. ज्या गावात रॉकेल रेशनवर मिळायचं, त्याच गावात गाव-पातळीवर केलेला मद्यार्क चुलीसाठी विकणं म्हणजे उत्पादन शुल्क खात्याचे दरवाजे झिजवणं.

असंच काहीसं इथिओपियातही घडलं. तिथे २००० नंतरच्या दशकात प्रोजेक्ट गाया या संस्थेनं स्वीडिश पद्धतीची मद्यार्काची चूल निर्वासितांच्या छावण्यांत नेली. या चुलीत मद्यार्क तंतूंनी भरलेल्या डब्यात शोषलेला असतो, त्यामुळे चूल उलटली तरी सांडत नाही. मद्यार्क यायचा फिंचा साखर कारखान्यातून. पण २००८ मध्ये तिथे पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळायला सुरुवात झाली, आणि चुलीसमोर मोटार येऊन उभी राहिली.

आपल्याकडेही आज तेच चित्र आहे. जून २०२२ मध्ये देशानं पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला, आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. महाराष्ट्राचे साखर कारखाने त्यात पुढे आहेत. उसाच्या मळीतून निघालेला मद्यार्क टँकरनं जातो, आणि त्याच कारखान्याला ऊस तोडून देणाऱ्या मजुराच्या कोपीत बाई तीन दगडांवर चिपाडं पेटवून धुरात भाकरी थापते. ती चूल पाच ग्रॅमनं हलकी करायची की दहा, हा तिचा प्रश्नच नाही.

म्हणून मंडळी, या इतिहासातून आम्ही दोन गोष्टी घेऊन जायला सांगू. बर्नर १९०४ मध्येच तयार झाला होता. त्यानंतर जी बचत झाली ती ज्योतीच्या भोवती झाली : आडोशात, झाकणात, उंचीत, भांड्याच्या बुडात. घरी चूल करणाऱ्यानं आधी तिथे हात घालावा. आणि उरलेली बचत चुलीच्या आणखी बाहेर आहे, भट्टीत, परवान्यात आणि दरात. पहिलं काम आपल्यापैकी कुणीही रविवारच्या सकाळी, उघड्या अंगणात, मोजमाप हाती घेऊन करू शकतो. दुसरं एकट्या माणसाचं नाही. १८५५ मध्ये ते एका कायद्यानं केलं होतं, आणि आजही ते कायद्यालाच करावं लागेल.